नसेची सोयरीक

निंभोरकर सरांबरोबर मी अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात अकरा वर्षं काम केलं. त्यातलं एखादं वर्ष तरी मी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहण्यात घालवलं असेल. ते सर्जन आणि मी भूल देणारी. सर्जन आणि भूल देणारा यांच्यात सासू-सुनेइतका जिव्हाळा असतो. आमच्यात सासू कोण आणि सून कोण, एवढं मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही.

पाय काढण्याचं ऑपरेशन घ्या. गुडघ्याखालून पाय काढायला सराईत हाताला तासभर पुरतो. निंभोरकर सरांना अडीच तास लागायचे. पाठीत दिलेलं माझं इंजेक्शनही साधारण तेवढंच चालतं. त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात पेशंट शांत, सर शांत आणि मी घामाघूम, अशी परिस्थिती असायची. मी लग्न होऊन पुण्याहून अमरावतीला आलेली आणि रोज रेल्वेने अकोल्याला जाणारी. पहिल्याच आठवड्यात मी घसा खाकरून म्हटलं, "सर, वेळ होतोय." त्यांनी मान वर न करता विचारलं, "कावून घाई करून राहिल्या मॅडम? गाडी पकडाची हाय काय?"

मला गाडी पकडायचीच होती. पण तो सूर ऐकून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी थिएटरच्या सुलोचना सिस्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की या सुरात इकडे माणसं एकमेकांना चहाला बोलावतात. "सर रागावले म्हंजे पुस्तकातलं मराठी बोलतात," त्या म्हणाल्या. "तवा भ्याचं."

सर बुटके, गोल, आणि आवाज मात्र मेळघाटच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा. घर अचलपूरच्या बाजूला. वडिलांची संत्र्याच्या रोपांची नर्सरी होती आणि सरांचं लहानपण जंबेरीच्या रोपांत गेलेलं. जंबेरी म्हणजे आंबट, काटेरी, पण मुळांनी दणकट झाड. त्याचं रोप वाढवायचं, त्याच्या सालीखाली चांगल्या संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीनं घट्ट बांधायचा. खालच्या जंबेरीला खुंट म्हणतात. आम्ही सगळे कापून उरलेल्या पायाला 'स्टम्प' म्हणायचो. सर खुंट म्हणायचे. राउंडला आले की पेशंटला पहिला प्रश्न, "खुंट कसा हाय?" नवीन विद्यार्थ्यांना वाटायचं, हे पेशंटच्या वावरातल्या झाडांची चौकशी करताहेत.

त्यांच्या अडीच तासांतला दीड तास नसांवर जायचा. पायाबरोबर नसाही कापाव्या लागतात. बहुतेक लोक नस ओढतात, कापतात, सोडून देतात, ती आपली मागे सरकते. सरांना हे 'सोडून देणं' सहन व्हायचं नाही. विद्यार्थ्यांना समजवायला त्यांनी एकदा नर्सरीतलं काळ्या पिशवीतलं रोप आणलं होतं. पिशवी फाडून त्यांनी मुळ्या दाखवल्या, पिशवीत गोल गोल फिरून त्यांचा गुंता झाला होता. "नसबी अशीच," ते म्हणाले. "तोडली तरी वाढाचं सोडत नाही. पुढं जागा नाही भेटली तं सोताभोवतीच फिरते अन् गाठ करते. त्या गाठीले हात लागू द्या, मानूस किंचाळते. नकली पाय चढवाची तं गोष्टच सोडा." मग ते पिशवीतली माती थिएटरबाहेरच्या फरशीवर झटकून निघून गेले आणि सिस्टरांनी त्यांच्या नावानं अर्धा तास फरशी पुसली.

आधी ते नसेचं टोक जाड मांसात खोल नेऊन पुरायचे. त्याला ते 'आसरा देणं' म्हणत. पुढे त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कुठल्याशा नियतकालिकातले कागद पाठवले. त्यात नवी रीत होती: कापलेली नस नुसती पुरायची नाही, जवळच्या स्नायूत शिरणारी एखादी बारीकशी फांदी शोधायची आणि तिला जोडून द्यायची. म्हणजे नसेला जायला घर मिळतं, करायला काम मिळतं. सरांनी ते कागद आठवडाभर खिशात ठेवले, संत्र्याच्या रसानं पिवळे केले, आणि एका सोमवारी जाहीर केलं, "आसऱ्याले राहनं वेगळं अन् सोयरीक वेगळी. आजपासून आपन सोयरीक करू."

तेव्हापासून आमच्या थिएटरची भाषाच बदलली. डोळ्याला भिंग लावून, केसाहून बारीक धाग्यानं सर टाके घालायचे आणि सिस्टर म्हणायच्या, "सर, मुहूर्त टळून चालला." मोठ्या नसेला सर 'मोठी' म्हणायचे, बाजूच्या बारीक नसेला 'धाकटी', आणि ज्या स्नायूत त्यांना द्यायचं तो नवरा मुलगा. यात वाईट काही नव्हतं. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, की पाठीत इंजेक्शन दिलेला पेशंट हिरव्या पडद्याच्या पलीकडे जागा असतो.

शकूरभाई पातूरचे, खेड्यापाड्यांत फिरून बांगड्या विकणारे. साखरेनं पाय सडला होता. आठवडी बाजारांचा हंगाम संपेपर्यंत ते जखमेवर फडकं बांधून फिरले, आणि आले तेव्हा पाय काढण्यावाचून इलाज नव्हता. घरी लग्नाच्या दोन मुली. पाय जाण्यापेक्षा फिरणं जाईल याची त्यांना धास्ती होती. "डॉक्टरसाब, चुडीवाला बसला तं चुड्या कोन घेते?" असं त्यांनी मलाही तीनदा विचारलं होतं.

ऑपरेशन सुरू झालं. पाय निघाला, सरांनी भिंग चढवलं.

"मोठीचं आधी पाहू," सर म्हणाले. "मोठी दांडगी हाय. हिले असातसा चालनार नाही."

"हा बारीक वाटतो सर," सिस्टर म्हणाल्या.

"बारीक हाय, पन कामाचा हाय. जमते. अन् धाकटीसाठी बाजूचा पाहून ठेवलाच हाय."

पडद्यामागून आवाज आला, "डॉक्टरसाब, पोरगा करते काय?"

सरांना वाटलं, पेशंट गुंगीत बरळतोय. ते हातातलं काम न सोडता म्हणाले, "वजन उचलते."

"हमाल हाय?"

"हमालच समजा. दिवसभर राबते."

"राह्यते कुठं?"

"इथंच. बाजूलेच."

"पीतगीत नाही न?"

"रक्त पेते," सर म्हणाले.

 शकूरभाईंच्या नाडीचे ठोके एकशे तीसवर गेले, आणि मला त्यांना झोपेचं औषध द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप ऐकून त्यांची बायको पातूरहून पहिल्या बसनं शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली आणि तिनं सरांना विचारलं, "डॉक्टरसाब, लडके अकोले के हैं क्या?" सरांनी आधी शिरखुर्मा संपवला. मग खुलासा केला. ती माउली तोंडाला पदर लावून हसली, हसता हसता डोळे पुसले, आणि म्हणाली, "नसों का जमा दिया, तो अब लड़कियों का भी देख लो." हे सरांनी इतकं मनावर घेतलं की पुढचं वर्षभर ते औषधं विकायला येणाऱ्या पोरांना औषधाऐवजी त्यांचं शिक्षण आणि घरची माणसं विचारत. मोठीचं लग्न शेवटी शकूरभाईंच्या साडूनं जमवलं. सर त्यावर थोडे नाराजच होते.

शकूरभाई वॉर्डात असताना त्यांची गेलेली टाच खाजायची. असं होतं, पाय जातो, पण पायाची आठवण डोक्यातून जात नाही. सर राउंड थांबवून त्यांच्या खाटेवर बसले. "कुठं खाजवते?" शकूरभाईंनी गादीवरची रिकामी जागा दाखवली. सरांनी पाच मिनिटं ती चादर खाजवली. "आता?" "थोडं खाली." सर थोडं खाली सरकले. विद्यार्थी एकमेकांकडे पाहत होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तर मला खुणेनं विचारलं, डॉक्टरचं डोकं ठीक हाय न?

पेशंट काही महिन्यांनी परत आला की त्याची अंगठ्याची परीक्षा व्हायची. सर खुंटावर नेमक्या नसेच्या जागी अंगठा दाबायचे आणि पाहायचे मात्र पेशंटच्या तोंडाकडे. "तोंड खोटं बोलते, भुवई नाही बोलत," असं त्यांचं म्हणणं. भुवई हलली नाही की स्वारी दिवसभर खुश. हलली की चहा थंड होईस्तोवर तसाच. सगळ्यांचं दुखणं थांबलं असं नाही. काहींचं राहिलंच. पण ज्यांचं राहिलं, त्यांची नावं सरांना पाठ होती.

वर्षं तशी वाईट होती. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, विहिरी आटल्या होत्या, आणि आमच्या तातडीच्या वॉर्डात फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं येत राहायची. त्यांच्यासाठी धावताना माझे पाय दुखून यायचे. अशा दवाखान्यात कापलेल्या पायाची नस दुखते हे गाऱ्हाणं कोण ऐकणार? जीव वाचला ना, मग आणखी काय पाहिजे, असं आम्ही सगळेच म्हणायचो. मीही म्हणायचे. सर एकदाच बोलले, "जीव वाचला तं मंग जगाबी लागते न, मॅडम."

आमचं खरं भांडण झालं ते अशाच एका दिवशी. बाहेर दोन पेशंट खोळंबले होते, इंजेक्शनचा अंमल उतरत आला होता, आणि सर तिसरी नस शोधत होते. टेबलावरचा माणूस कण्हला. माझा तोल गेला. "सर, चाळीस मिनिटांत पाय काढणारे सर्जन पाहिलेत मी!" मी सगळ्यांसमोर म्हटलं.

 मी पेशंटला औषध वाढवून दिलं, सरांनी काम पुरं केलं. नंतर चहाच्या खोलीत ते माझ्यासमोर येऊन बसले. खिशातलं नेहमीचं संत्रं काढलं, सोललं नाही.

"मी पस्तीस मिनिटांत काढला होता एक पाय," ते म्हणाले. "माझ्या दादाचा."

त्यांचे थोरले भाऊ नर्सरी सांभाळायचे. मळणीयंत्रात त्यांचा पाय गेला तेव्हा सर अजून शिकत होते, आणि ज्या दवाखान्यात भावाला आणलं तिथे त्या घटकेला दुसरं कुणी हजर नव्हतं.

"रक्त थांबत नव्हतं. मी हात चालवला. वरिष्ठांनी नंतर पाठ थोपटली, एवढ्या लवकर काढला म्हणून. नस ओढली, कापली आणि कातडीखाली सोडून दिली. महिनाभरानं त्याला चादर लागली तरी तो ओरडायला लागला. मी त्याला म्हणायचो, दादा, मनाचे खेळ आहेत, मनातून काढून टाक. दीड वर्ष म्हणत होतो. तो माझ्यावर विश्वास ठेवून मनातून काढायचा प्रयत्न करत होता."

हे सगळं ते पुस्तकातल्या मराठीत बोलत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. राग माझ्यावर नव्हता. मला इतकी लाज वाटली की माझाही चहा थंड झाला.

दादांना पुन्हा ऑपरेशन करून घ्या असं सर पंधरा वर्षं सांगत होते आणि दादा ऐकत नव्हते. त्यांना मिळालेला नकली पाय दहा मिनिटंही घालवत नसे, म्हणून त्यांनी त्याला धोतर नेसवून रोपांच्या वाफ्यात बुजगावणं म्हणून उभा केला होता. "मह्या पायानं निदान पाखरं तरी भेतात," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. डोळा बांधायचं काम जमिनीवर बसून करावं लागतं. खुंट जमिनीला टेकला की कळ डोक्यात जायची, म्हणून दादा खाटेवरून मजुरांना सांगायचे आणि निम्मे डोळे वाळून जायचे. जिल्ह्यात डोळा बांधण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यांच्या नर्सरीतली रोपं लोक आता नाकारत होते.

त्या भांडणानंतर महिन्याभरात शकूरभाई नकली पायावर चालत तपासणीला आले. सरांनी अंगठा दाबला, भुवई हलली नाही. मग सर जरा घुटमळले. या माणसाला कुणाकडे काही मागताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "शकूरभाई," ते म्हणाले, "अचलपूरले जाल काय? मह्यं एक काम हाय."

शकूरभाई बांगड्यांची पेटी घेऊन एसटीनं गेले. तिथे काय झालं ते नंतर दादांनीच सांगितलं. या माणसानं अंगणात बसून वहिनींच्या हातात बांगड्या भरल्या, मग नकली पाय काढून बाजूला ठेवला, दादांची काठी मागून घेतली आणि आपल्या खुंटावर टकटक वाजवून दाखवली. दादांनाच कळ आली. त्यांनी काठी हिसकावून घेतली. आठ दिवसांनी ते आमच्या दारात हजर. "बाळ्या," सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, हाक मारली, "त्या चुडीवाल्याले केलं तेच कर. त्याच्याहून कमी नको."

ऑपरेशनच्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. दादांच्या पाठीत नुसतं इंजेक्शन न देता बारीक नळी ठेवली, म्हणजे लागेल तितका वेळ औषध देता येईल. आणि सर हात धुवायला गेले तेव्हा स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. सिस्टर पाहत होत्या. त्यांनी पुढे येऊन स्टूल धरलं.

नसेच्या टोकाला बोराएवढी गाठ होती, पांढरी, टणक. सर तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "हे मह्यं काम," एवढंच म्हणाले आणि ती काढली.

"बाळ्या, झालं काय रे?" पडद्यामागून दादा.

"व्हाचं हाय दादा. सोयरीक जुळून राहिली."

"हुंडा नको देजो."

सरांचे हात त्या दिवशी नेहमीपेक्षाही सावकाश चालले. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, कारण घड्याळ नव्हतं.

पण दुखणं लगेच गेलं नाही. दीड महिना दादांना पूर्वीपेक्षा जास्त दुखलं. नसेला नव्या घरात रुळायला महिने लागतात हे सर सगळ्या पेशंटांना सांगायचे, आता मी त्यांना सांगत होते. त्यांचा चहा रोज थंड व्हायचा. मग अचलपूरहून फोन येणं बंद झालं, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा हे त्यांना कळेना. चार महिन्यांनी एका रविवारी ते मला म्हणाले, "मॅडम, चालता काय दादाकडे?" बसस्टँडवर ते माझ्या आधी अर्धा तास येऊन उभे होते. एवढ्यावरून मला त्यांची हालत कळली.

दादा वाफ्याजवळ खाटेवर बसले होते. वहिनींनी पाणी दिलं. पाऊसपाणी झालं, कोणाच्या बागा वाळल्या, कोणी तोडून टाकल्या, ते झालं. खुंटाचं कुणी बोलेना. शेवटी दादांनीच धोतर वर केलं. सर पुढे झाले, अंगठा नेला, आणि मध्येच हात मागे घेतला. पंधरा-वीस वर्षांत शेकडो खुंट दाबलेला माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुमी दाबा."

मी गुडघ्यावर बसले. नेमकी जागा मला पाठ होती. अंगठा ठेवला, हळूच दाबला, आणि सरांच्या रीतीप्रमाणे दादांच्या भुवईकडे पाहिलं.

दादा माझ्याकडेच पाहत होते. "जोरानं दाबा न बाई," ते म्हणाले. "जेवल्या नाही काय?"

मी जोरानं दाबलं. भुवई जागच्या जागी. मागे वळून पाहिलं तर सर एक रोप हातात घेऊन त्याची पिशवी तपासत उभे होते. पाठ आमच्याकडे.

"बाळ्या, तिकडं काय पाह्यतं? त्याले डोळा म्याच बांधला," दादा म्हणाले, आणि खाटेला धरून सरळ खाली मातीत बसले, खुंट टेकवून. "इकडं ये. तूबी दाब. भेऊ नको."

सर आले. तेही मातीत बसले. त्यांनी दादांच्या खुंटावर अंगठा ठेवला, आणि दाबला नाही, नुसताच ठेवला. दादांनी एक रोप पुढे ओढलं, पट्टी दातांत धरली आणि बांधायला सुरुवात केली.  वाफ्यातलं बुजगावणं धोतर नेसून एका पायावर उभं होतं.

परतीची बस सव्वाचारला होती. मी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी ते हातातून काढून पर्समध्ये ठेवलं.